मांडूच्या सुलतानाला न मिळालेली मिरची

धार पश्चिमेला, देवास ईशान्येला आणि दोघांच्या मधे इंदूर. सुट्टीच्या संध्याकाळी दोन्ही गावांतली खवय्ये मंडळी इंदूरची वाट धरतात. आधी छप्पन दुकान, मग रात्री सराफा, हा ठरलेला क्रम. आता त्यात कॅफेंची भर पडली आहे. तरुण मंडळी तिथं टाको, नाचोज, केसाडिया मागवतात आणि घरची मोठी माणसं विचारतात, "हे कसलं रे परक्या देशाचं खाणं?"

खरं सांगायचं तर ते तितकंसं परकं नाही. माळव्याचं ताट आणि मेक्सिकोचं ताट यांच्यात चार-पाचशे वर्षांची देवाणघेवाण आहे. तिकडून इकडे आलेल्या आणि इकडून तिकडे गेलेल्या जिनसांची यादी वाचली की दोन्ही ताटं चवीनं खावीशी वाटतात. त्यातल्याच या काही खमंग गोष्टी.

शाही पाकपुस्तक, पण मिरचीविना

धार जिल्ह्यातल्या मांडूत, साधारण १४९५ ते १५०५ या काळात, एक भन्नाट पुस्तक तयार झालं: 'निमतनामा'. सुलतान गियासुद्दीन खिलजी याला खाण्यापिण्याचा अतोनात षौक. त्याच्या आणि त्याचा मुलगा नासिरुद्दीन याच्या काळात हे फारसी हस्तलिखित सजलं. त्यात ५० चित्रं आहेत. आचारी रांधताहेत, दासी वाढताहेत आणि भरघोस मिशांचे सुलतान स्वतः जातीनं लक्ष घालताहेत. समोशांच्याच कितीतरी कृती त्यात आहेत. आज हे पुस्तक लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

आता गंमत बघा. एवढ्या मोठ्या शाही मुदपाकखान्यात मिरची नाही, टोमॅटो नाही, बटाटा नाही, मका नाही! तिखटपणाची सगळी भिस्त मिरी आणि आल्यावर. कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला १४९२ मध्ये, आणि वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये. मेक्सिकोची मिरची पोर्तुगीज जहाजांतून आपल्याकडे उतरली ती त्यानंतरच. म्हणजे आज धारच्या बस स्टँडवर कचोरी खाणारा माणूस जी तिखट चटणी चाखतो, ती मांडूच्या सुलतानाच्या नशिबी नव्हती.

देवीच्या टेकडीवर मेक्सिकोचं फूल

देवासची टेकडी म्हणजे तुळजाभवानी आणि चामुंडा यांचं ठाणं. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव म्हणून इथं राहिले, आणि पुढे १९५३ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातही हीच टेकडी आहे.

नवरात्रात ही टेकडी झेंडूनं पिवळी-केशरी होते. तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा! तिकडे नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत पूर्वजांचा सण असतो. तेव्हा घराघरांत, बाजारात आणि हॉटेलांत याच फुलांच्या राशी पडतात, पितरांना वाट दिसावी म्हणून पाकळ्यांचे मार्ग आखतात. आपला दसरा आणि त्यांचा हा सण यांच्यात फार तर काही आठवड्यांचं अंतर. एकच फूल, दोन देश, आणि दोन्हीकडे सणाची खरेदी त्याच्यापासूनच सुरू होते.

राजगिऱ्याची वडी दोन्हीकडे

टेकडी चढून आलेल्या उपासकऱ्याच्या पिशवीत हमखास सापडतो तो राजगिऱ्याचा लाडू. राजगिराही मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेचाच. तिथले आस्तेक लोक त्याच्या पिठाच्या देवमूर्ती घडवत आणि पूजेनंतर प्रसाद म्हणून खात. स्पॅनिश राज्यकर्त्यांना ही मूर्तिपूजा खपली नाही, म्हणून हे धान्यही मागं पडलं. तरी मेक्सिको सिटीच्या रस्त्यांवर आजही फुलवलेल्या राजगिऱ्याच्या गोड वड्या मिळतात. नाव 'आलेग्रिया'. आपल्या चिक्कीशेजारी ठेवली तर ओळखायला वेळ लागेल!

उपासाचं ताट मोजून बघा

साबुदाणा खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिथलाच. बटाटा अँडीज पर्वतातला. हिरवी मिरची मेक्सिकोची. जोडीला रताळं असेल तर तेही अमेरिका खंडाचंच. खिचडीतलं जिरं, तूप आणि वरची कोथिंबीर एवढीच काय ती जुन्या जगातली! इंदूरच्या सराफ्यात हीच खिचडी वेगळ्या थाटात मिळते. साबुदाणा परतण्याऐवजी वाफेवर ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की मसाला, फराळी चिवडा, लिंबू घालून कालवून देतात. मराठी घरातून आलेल्या माणसाला पहिला घास चकवतो आणि दुसरा जिंकतो.

भुट्टे का कीस: मक्याला माळव्याचा मान

मक्याचा जन्म मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात, सुमारे ९,००० वर्षांपूर्वी. तिओसिंते नावाच्या एका रानगवतातून तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करत कणीस घडवलं. तो मका माळव्यात आला आणि माळव्यानं त्याचं काय सोनं केलं ते पाहायचं तर पावसाळ्यात सराफ्यात कढईपाशी उभं राहावं.

कोवळी कणसं किसणीवर किसतात तेव्हा दाणा फुटून दूध बाहेर येतं. कढईत तूप, त्यात मोहरी-जिरं, हिंग, बारीक हिरवी मिरची. मग तो पांढुरका कीस पडतो आणि खरा कस लागतो तो हाताचा. आच मंद हवी आणि उलथनं थांबता कामा नये. कच्चा वास गेला, कडेला किंचित गुलाबी खरपूस धरायला लागली की दूध घालायचं, आणि दूध आटून कीस मऊ, मोकळा झाला की मीठ, चिमूटभर साखर, लिंबू. वर कोथिंबीर आणि खोबरं. द्रोणातून वाफ येत असतानाच खायचा.

मेक्सिकोच्या चौकात संध्याकाळी असाच मका विकतात. भांड्यात शिजवलेले दाणे, वर लिंबू, तिखट, चीज आणि मेयोनेज. त्याला म्हणतात 'एस्कितेस'. लिंबू-मीठ-तिखट हे मक्याचं लग्न दोन्ही देशांनी लावलं आहे.

पानिया आणि तामाले

धार, झाबुआ, अलीराजपूर या पट्ट्यातल्या भिल्ल-भिलाला घरांतलं पानिया ज्यानं खाल्लं नाही त्यानं धार जिल्हा पुरता पाहिला नाही. मक्याचं पीठ मळून त्याची जाडसर थापी करतात. ती दोन पानांच्या मधे दाबायची, कुठे पळसाची पानं, कुठे रुईची. मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजायची. पान करपतं, आतला मका मात्र ओलसर राहतो आणि पानाच्या शिरांची नक्षी त्यावर उमटते. वर तूप, सोबत उडदाची किंवा तुरीची डाळ.

मेक्सिकोतलं 'तामाले' म्हणजे मक्याचं पीठ कणसाच्या सालीत किंवा केळीच्या पानात गुंडाळून वाफवलेलं. सकाळी कामावर जाणारी माणसं ते रस्त्यावरच घेऊन खातात. एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन डोंगरी समाजांना मक्याचं पीठ पानात घालून शिजवायचं सुचलं, याचं कौतुक करावं तितकं थोडं.

पानटपरीवरचा चुना, मेक्सिकोच्या पातेल्यात

टॉर्टिया म्हणजे मक्याची पातळ पोळी. पण ती आपल्या मक्याच्या भाकरीसारखी कोरड्या पिठाची नसते. मेक्सिकोत आधी मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसेच ठेवतात, धुतात आणि मग ओले वाटतात. चुन्यामुळे साल सुटते, पीठ चिकट होतं, पोळी न तुटता लाटली-दाबली जाते. शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. युरोपानं मका नेला पण चुन्याची ही युक्ती नेली नाही. परिणामी नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा भयंकर आजार पसरला. स्पेनमध्ये १७३५ मध्ये त्याची वैद्यकीय नोंद झाली. विद्या मागं राहिली आणि नुसतं धान्य पुढं गेलं की काय होतं, याचा याहून मोठा धडा नाही. वाटायला तिकडे वापरतात ती दगडी 'मेताते' पाहिलीत तर म्हणाल, हा तर आजीचा पाटा-वरवंटा!

मेक्सिकोच्या भिंतीवर वर्ध्याचा माणूस

मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत जगप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा यांची भित्तिचित्रं आहेत. त्यातल्या 'आमची भाकर' या चित्रात मेजाशी बसून भाकर वाटणारा माणूस आहे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे, वर्ध्याचे! गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रजांनी मायदेशाची दारं बंद केली, तेव्हा ते १९२० च्या दशकात मेक्सिकोला पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मका आणि त्याचा रानटी पूर्वज तिओसिंते यांच्या संकरावर त्यांनी काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या. शेवटी ते भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात त्यांचं निधन झालं. २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. मराठी माणसानं मेक्सिकन खाणं परकं मानायचं नाही, याला एवढं एक कारण पुरे आहे.

१८,००० टन बियाणं

खानखोजे गेले त्याच्या आदल्याच वर्षी, १९६६ मध्ये, भारतानं मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं. लेर्मा रोहो आणि सोनोरा-६४ ही त्यांतली गाजलेली वाणं. ताटं बुटकी, त्यामुळे खत देऊनही पीक लोळत नाही. हरितक्रांतीची सुरुवात तिथून झाली. सोनोरा हा मेक्सिकोच्या उत्तरेकडचा प्रांत, आणि गव्हाच्या पातळ, मोठ्या टॉर्टिया ही उत्तरेचीच खासियत. म्हणजे कॅफेत मिळणारा बरिटो ज्या गव्हाच्या पोळीत गुंडाळतात, त्या पोळीच्या मुलखातूनच आपल्या शेतांत बियाणं आलं होतं.

टपरीला मिळालेला तारा

मे २०२४ मध्ये मिशेलिन या जगप्रसिद्ध खाद्य-मार्गदर्शिकेची पहिली मेक्सिको आवृत्ती निघाली. पॉश रेस्तराँना तारे मिळणार हे ठरलेलंच होतं. पण एक तारा गेला 'एल कालिफा दे लेऑन' या टाकोच्या टपरीला! १९६८ पासून चालू असलेली, जेमतेम दहा फूट बाय दहा फुटांची जागा. बसायला खुर्ची नाही. मेनूवर टाकोचे मोजून चार प्रकार. मांसाचा पातळ काप तापल्या तव्यावर पडतो, वर मीठ आणि लिंबू, ताजी टॉर्टिया, बस्स. सराफ्यात उभ्यानं खाणाऱ्या माळव्याला हे ऐकून छाती फुगवून चालायला हरकत नाही. उत्तम खाण्याला गालिचा लागत नाही, हे आपण कधीचे जाणतो.

हजारो दिवसांचा रस्सा

त्याच यादीत दोन तारे मिळालेलं 'पुहोल' हे रेस्तराँ एन्रिके ओल्वेरा यांनी २००० मध्ये सुरू केलं. तिथला सर्वांत गाजलेला पदार्थ म्हणजे 'मोले माद्रे'. मोले हा मिरच्या, सुकामेवा, मसाले घालून केलेला दाट रस्सा. पुहोलमध्ये तो संपू देत नाहीत. रोज गरम करायचा, रोज नवी भर घालायची. असं करत त्याचं वय हजार दिवसांच्या, पुढे दोन हजारांच्याही वर गेलं. ताटात काय येतं? जुन्या मोलेचं काळपट वर्तुळ, त्याच्या मध्यभागी ताज्या मोलेचा लालसर ठिपका, आणि सोबत फक्त टॉर्टिया. ना भाजी, ना मांस.

दुसरा गाजलेला पदार्थ तर रस्त्यावरचा मकाच. कोवळी कणसं धूर भरलेल्या तुंब्यात येतात, त्यांना कॉफी, मिरची आणि 'चिकाताना' मुंग्या घातलेलं मेयोनेज लावलेलं असतं. आधुनिक मेक्सिकन रेस्तराँचं यश यात आहे. ते युरोपाकडे बघत बसलं नाही, आपल्या चौकातल्या गाडीवाल्याकडे आणि आजीच्या पाट्याकडे वळलं.

आपण तिकडे काय पाठवलं?

भरपूर! १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं मनिला आणि आकापुल्को यांच्यात स्पॅनिश गलबतं ये-जा करत होती. त्या वाटेनं आशियाचा माल मेक्सिकोत उतरला. आंबा तिकडे इतका रुजला की तिखट-मीठ-लिंबू लावलेला आंबा हा मेक्सिकोच्या रस्त्यावरचा लाडका खाऊ आहे. चिंचेचं सरबत तिथल्या बहुतेक खानावळींत मिळतं. मोलेवर पेरतात ते तीळ मूळ भारतीय उपखंडाचे, आणि आत घालतात ती मिरी मलबारची. टाकोवर शेवटी येणारं त्रिकूट, कांदा-कोथिंबीर-लिंबू, यातलं एकही मूळ मेक्सिकोचं नाही.

मेक्सिकोचे कवी ओक्तावियो पास १९६२ ते १९६८ भारतात राजदूत होते. त्यांनीही आपल्या भारतावरच्या पुस्तकात मोले आणि भारतीय रस्सा यांचं नातं जोडलं आहे.

पुएब्लातली भारतीय मुलगी

गलबतांतून मालाबरोबर माणसंही गेली, आणि सगळी खुशीनं नव्हेत. मुघल मुलखातली एक लहान मुलगी चाच्यांच्या हाती सापडली, कोचीनमार्गे मनिलाला विकली गेली आणि तिथून मेक्सिकोच्या पुएब्ला शहरात पोचली. तिचं मूळ नाव मीरा होतं असं सांगतात. तिथं ती कातारिना दे सान हुआन झाली, संत म्हणून पूजली गेली आणि १६८८ मध्ये वारली. मोलेचं माहेर मानलं जाणारं शहर तेच, पुएब्ला. त्या शहराच्या स्मृतीत एक भारतीय लेक कायमची आहे.

झटपट तीन

● २०१० हे साल लक्षात ठेवा. युनेस्कोनं मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला मानवतेच्या वारशात स्थान दिलं ते त्याच वर्षी. टाको बेल या अमेरिकी साखळीनं मेक्सिकोतून दुसऱ्यांदा गाशा गुंडाळला तो त्याच वर्षी, आणि बंगळूरूत पहिलं भारतीय दुकान उघडलं तेही त्याच वर्षी!

● सीझर सॅलडचा रोमच्या सीझरशी काही संबंध नाही. ते १९२४ मध्ये मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात सीझर कार्डिनी यांच्या रेस्तराँत जन्मलं.

● 'टाको अल पास्तोर' या लाडक्या प्रकारातलं उभ्या सळईवर फिरणारं मांस लेबनॉनहून आलेल्या स्थलांतरितांच्या श्वार्मातून आलं. मेक्सिकोनं पोळी मक्याची केली आणि वर अननस ठेवला.

मेक्सिको सिटीला जाणार असाल तर

मुख्य जेवण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान होतं, तेव्हा बारा वाजता ताट मागू नका. शाकाहारी असाल तर घेवड्याची उसळ कशात शिजवली ते आधी विचारा, कारण तिच्यात डुकराची चरबी घालण्याची जुनी रीत आहे. भातातही कोंबडीचं पाणी असू शकतं. भोपळ्याच्या फुलांचा केसाडिया, निवडुंगाच्या पानांची 'नोपालेस' भाजी आणि एस्कितेस मागवून बघा. 'विट्लाकोचे' दिसलं तर घाबरू नका. मक्याच्या कणसावर येणारी ती काणी. आपण रोग म्हणून फेकतो, ते भारी किमतीनं वाढतात, आणि चव भूछत्रासारखी लागते. वरचे दहा-पंधरा टक्के बक्षीस म्हणून ठेवायची पद्धत आहे.

आणि आता मागणी आपली

या साऱ्या गोष्टींतून माझ्या मनात एकच गोष्ट पक्की झाली आहे. मेक्सिकोनं आपला मका, आपला पाटा, आपली टपरी यांना मान दिला, म्हणून जग त्यांच्या दारात रांग लावून उभं आहे. माळव्याकडे काय कमी आहे? पाचशे वर्षांपूर्वीचं सचित्र पाकपुस्तक मांडूचं आहे. पानिया धारच्या पाड्यांवर रोज भाजलं जातं. कीस सराफ्यात रोज रटरटतो. तरीही मांडूचा जहाज महाल बघून भुकेल्या पोटी बाहेर पडलेल्या पर्यटकाला पानिया शोधावं लागतं, आणि इंदूरच्या बड्या रेस्तराँच्या मेनूवर ते क्वचितच दिसतं. तेव्हा टाको जरूर खा, आवडीनं खा. मक्याची टॉर्टिया आहे की मैद्याची, हेही विचारा. आणि बिल मागवताना मालकाला आणखी एक प्रश्न विचारा: पानिया कधी ठेवताय? गिऱ्हाईक विचारू लागलं की मेनू बदलतो. धार-देवासच्या गिऱ्हाइकांनी तो बदलायला लावावा.